लघवीतली बुरशी आणि मधुमेह : औषधाआधीचे प्रश्न

लघवीच्या साध्या तपासणीचा कागद हातात येतो. रंग फिकट पिवळा, साखर तीन अधिक, प्रथिने किंचित, पस सेल्स आठ ते दहा. आणि सगळ्यात खाली, जिथे एरवी 'आढळले नाही' असे लिहिलेले असते, तिथे 'बडिंग यीस्ट सेल्स : प्रेझेंट'. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात या एका ओळीने दोन तऱ्हा दिसतात. कुणी 'बुरशी' हा शब्द ऐकूनच हादरतो. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे गेलेली माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. तेव्हापासून तो शब्द आपल्याकडे साधा राहिलेला नाही. कुणी तोच कागद घेऊन थेट औषधाच्या दुकानात जातो आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी घेऊन घरी येतो. पहिल्यात भीती जास्त आहे, दुसऱ्यात घाई जास्त आहे. लघवीत बुरशी दिसणे ही एक गोष्ट आणि बुरशीने मूत्रमार्गाला ग्रासणे ही दुसरी. बहुतेक वेळा ती बुरशी मारण्यापेक्षा ती तिथे का आली हे शोधणे महत्त्वाचे असते. मोजक्या वेळा मात्र ती ओळखायला दोन दिवस उशीर झाला तर मूत्रपिंड जाते, कधी जीवही. हे दोन गट वेगळे कसे करायचे, एवढ्याच प्रश्नाभोवती या विषयावरचा गेल्या पंचवीस वर्षांचा सगळा अभ्यास फिरतो आहे.

ही बुरशी भिंतीवर किंवा शिळ्या भाकरीवर येणाऱ्या बुरशीसारखी नसते. ती कँडिडा कुळातली, एकपेशीय, पावाच्या यीस्टसारखी अंकुर फुटून वाढणारी असते. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, बाईच्या योनीमार्गात ती आयुष्यभर थोड्या संख्येने राहते आणि भोवतालचे जिवाणू तिला वाढू देत नाहीत. लघवी मात्र तिची नेहमीची जागा नाही. निरोगी माणसाच्या लघवीत ती सहसा सापडत नाही, आणि सापडली तर बऱ्याचदा ती बाहेरच्या त्वचेवरून किंवा योनीमार्गातून नमुन्यात पडलेली असते.

म्हणून पहिला संशय नमुन्यावरच घ्यायला हवा. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी घेतली होती का, त्याआधी जागा स्वच्छ धुतली होती का, डबी दुपारभर उन्हात पडून होती का, लघवीची नळी घातलेली असेल तर नमुना तिच्या पिशवीतून काढला होता का? पिशवीत साठलेली लघवी तासन्‌तास कोमट राहते. तिच्यात जे उगवते त्यावरून मूत्राशयात काय आहे हे सांगता येत नाही. स्वच्छ घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात बुरशी दिसेनाशी होणे हा रोजचा अनुभव आहे. प्रयोगशाळेतही चकवा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची गोल पेशी आणि तांबडी रक्तपेशी सहज एकसारख्या वाटतात. जुने तंत्रज्ञ काचेवर पातळ ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडतात. रक्तपेशी विरतात, यीस्ट तशीच राहते. पट्टीवरची नायट्राइटची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण ती लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करणाऱ्या जिवाणूंना पकडते. यीस्ट ते काम करत नाही.

मग आकड्यांचा प्रश्न येतो. जिवाणूंच्या बाबतीत दर मिलिलिटरला एक लाख वसाहती ही सीमा एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात घालून दिली आणि ती जगभरच्या कल्चर रिपोर्टांत रुजली. बुरशीला ती लागू पडत नाही. दहा हजार वसाहती असलेल्या माणसाचे मूत्रपिंड सडलेले असू शकते आणि एक लाखावर असलेला माणूस ठणठणीत असू शकतो. नळी घातलेल्या रुग्णात पस सेल्सही फारसे काही सांगत नाहीत, कारण नळी स्वतःच मूत्राशयाच्या अस्तराला खुपते आणि पस आणते. असा एकही आकडा नाही ज्याकडे बोट दाखवून 'हा संसर्गच' असे म्हणता येईल. मधुमेही रुग्णाच्या कागदावर मोठा आकडा पाहून औषध सुरू करण्याची सवय मला म्हणूनच खटकते.

मधुमेहातच ही बुरशी एवढी का दिसते? लघवीला मुंग्या लागतात ही खूण जुन्या वैद्यांना ठाऊक होती, मधुमेह हे नावच त्यातून आले. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली लघवी आटवून मागे राहिलेला पदार्थ साखरेचाच असल्याचे दाखवले. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती सगळी परत ओढून घेऊ शकत नाही आणि उरलेली लघवीत उतरते. मुंग्यांना ती आवडते, तशी यीस्टलाही. पण साखर हे एकच कारण नव्हे, आणि माझ्या मते सर्वांत मोठेही नव्हे. साखर दीर्घकाळ चढी राहिली की बुरशी गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्या संख्येने पुरेशा असतात, पण वेळेवर पोचत नाहीत आणि पोचल्या तरी मारण्याचे काम नीट करत नाहीत. त्याहून कमी बोलले जाणारे कारण मूत्राशयाच्या नसांचे. पायांची आग होते, बधिरपणा येतो, हे मधुमेही माणूस सांगतो. मूत्राशयही तसेच बधिर होते हे त्याला कळत नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव उशिरा होते, लघवी झाली तरी पूर्ण होत नाही, तळाशी शंभर-दीडशे मिलिलिटर उरते. वाहते पाणी स्वच्छ राहते आणि डबक्यात शेवाळ धरते, हे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नाही.

या विषयात ज्यावर आजही सगळे उभे आहे ते दोन अमेरिकी अभ्यास २००० साली एकाच नियतकालिकात आले. पहिल्यात कॅरोल कॉफमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या आणि लघवीत बुरशी सापडलेल्या ८६१ रुग्णांचा माग ठेवला. त्यांतल्या ३९ टक्क्यांना मधुमेह होता. ८३ टक्क्यांना लघवीची नळी होती. सुमारे ९० टक्क्यांना आधी अँटिबायोटिक मिळालेले होते. म्हणजे बुरशीच्या वाढीमागे तीन गोष्टी एकत्र दिसल्या: साखर, नळी आणि अँटिबायोटिक. आणि तिघांतले दोन आपणच रुग्णाला दिलेले असतात. पुढे काय झाले याची नोंद ५३० रुग्णांची मिळाली. काहीही उपचार न केलेल्या १५५ पैकी ११७ जणांची लघवी आपोआप साफ झाली, म्हणजे साडेपंचाहत्तर टक्के. औषध दिलेल्या २५९ पैकी १३० जणांची झाली, म्हणजे निम्म्यांची. औषधाने नुकसान केले असा याचा अर्थ काढू नये. डॉक्टरांनी औषध जास्त आजारी लोकांना दिले असणार हे उघड आहे, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. पण बुरशी रक्तात गेली ती फक्त सात जणांत, १.३ टक्के. लघवीतली बुरशी म्हणजे रक्तात पसरण्याची पहिली पायरी, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

चिठ्ठ्या टाकण्याचे काम दुसऱ्या अभ्यासाने केले. जॅक सोबेल आणि सहकाऱ्यांनी लक्षणे नसलेल्या किंवा अगदी किरकोळ असलेल्या ३१६ रुग्णांना दोन गटांत वाटले. एका गटाला रोज २०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल चौदा दिवस, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. चौदाव्या दिवशी औषधाच्या गटात ५० टक्क्यांची लघवी साफ होती, दुसऱ्यात २९ टक्क्यांची. इथे थांबलो तर औषध जिंकले. पण आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखे होते. बुरशी परत आली होती, कारण ती ज्यामुळे आली होती ते काहीच बदलले नव्हते. नळीच्या आतल्या भिंतीवर यीस्ट चिकट थर धरते. त्या थरात औषध नीट शिरत नाही, वर वाहणाऱ्या लघवीतली बुरशी तेवढी मरते. चौदा दिवसांच्या गोळ्या आणि त्याच जुन्या नळीत तोच थर, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की तो निकाल समजायला सोपा जातो.

अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याच पायावर आहेत. लक्षणे नसतील तर लघवीतल्या बुरशीवर औषध नको; शक्य तिथे नळी काढा. अपवाद तीन : पांढऱ्या पेशी फार घटलेले रुग्ण, अगदी कमी वजनाची नवजात बाळे, आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी होणार असलेले लोक. या यादीत मधुमेह नाही. पुष्कळ रुग्णांना, आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांनाही, हे पटायला जड जाते. 'शुगर आहे ना, मग रिस्क नको' हे वाक्य कोणत्याही ओपीडीत ऐकू येईल. त्यामागची काळजी खरी आहे. पण लक्षणे नसलेल्या मधुमेही माणसाला दिलेले हे औषध बहुधा दोन आठवड्यांची स्वच्छ लघवी तेवढी विकत घेते. त्याच पैशात आणि त्याच भेटीत साखर, नळी आणि उरलेली लघवी या तिन्हींकडे पाहता आले असते.

लक्षणे असतील तर गोष्ट बदलते. मराठीत लघवीच्या जळजळीला 'उन्हाळी लागणे' असा नेमका शब्द आहे. सारखी जावेसे वाटते, थेंब थेंब होते, शेवटी चमक येते. हा शब्द जिवाणू, बुरशी, खडा किंवा नुसते पाणी कमी पडणे यांत फरक करत नाही, आणि म्हणून घरात धन्याचे पाणी, वाळा, सब्जा यांवर चार दिवस जातात. पाणी वाढवण्यात गैर काही नाही. पण मधुमेहात उन्हाळी दोन दिवसांत उतरली नाही, किंवा तिच्याबरोबर थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणे, उलट्या आल्या, तर घरगुती उपायांचा विषय संपला. उलट बाजूही आहे: नसा बधिर झालेल्या माणसाला उन्हाळी लागतच नाही. नुसता अशक्तपणा, अचानक अनावर झालेली साखर, म्हाताऱ्या माणसाचे बरळणे, एवढीच खूण असते.

आता बुरशीच्या जातीचा प्रश्न. कँडिडा अल्बिकन्स सर्वांत परिचित. प्रयोगशाळेत ती मानवी रक्तद्रवात ३७ अंशांवर ठेवली की दोन-तीन तासांत नळीसारखा कोंब काढते, आणि ती ओळखण्याची ही स्वस्त पद्धत तालुक्याच्या गावीही करता येते. बाकीच्यांना अनेक रिपोर्टांत 'कँडिडा, अल्बिकन्स नसलेली' एवढ्यावर सोडून देतात. मधुमेहात इथेच घसरगुंडी होते. भारतात उष्ण प्रदेशांत फोफावणारी ट्रॉपिकॅलिस खूप मिळते. २७ भारतीय अतिदक्षता विभागांतल्या रक्तसंसर्गांचा जो मोठा अभ्यास २०१५ साली आला त्यात तीच पहिली होती, ४१.६ टक्के, आणि अल्बिकन्स २०.९ टक्के. मधुमेही बायकांच्या योनीमार्गातली बुरशी तपासणारा दिल्लीच्या 'एम्स'चा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६१ टक्के ग्लॅब्राटा निघाली, अल्बिकन्स २९ टक्केही नाही. ग्लॅब्राटावर फ्लुकोनॅझोलच्या एका गोळीने बुरशी गेली ती २८.६ टक्के बायकांत. योनीमार्गात ठेवायच्या बोरिक ॲसिडने ६३.६ टक्क्यांत. (बोरिक ॲसिड पोटात घेतले तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर वापरू नये.) हा अभ्यास लघवीचा नव्हता. तरी बाईच्या मूत्रमार्गात वर चढणारी बुरशी येते ती शेजारूनच, म्हणून तो इथे मोलाचा आहे. 'एक गोळी घ्या, जाईल' हा सल्ला मधुमेही बाईच्या बाबतीत इतक्या वेळा का फसतो ते त्यातून कळते.

औषधांच्या बाबतीत लघवी ही एक विचित्र जागा आहे. बुरशीवरची नवी, महाग, शिरेतून द्यायची कित्येक औषधे रक्तात उत्तम काम करतात, पण लघवीत नावापुरतीच उतरतात. इकायनोकँडिन गटातली कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही अशी. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोलही अशीच. जुने फ्लुकोनॅझोल मात्र जवळपास ८० टक्के जसेच्या तसे लघवीत येते आणि तिथली त्याची पातळी रक्ताच्या कित्येक पट असते. त्यामुळे लक्षणे असलेल्या मूत्राशयाच्या संसर्गात, बुरशी त्याला दाद देणारी असेल तर, रोज २०० मिलिग्रॅम दोन आठवडे हाच पहिला पर्याय आहे. मूत्रपिंड थकलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते. ग्लॅब्राटा किंवा क्रुसाय जातीची कँडिडा असेल तर ॲम्फोटेरिसिन-बीचे जुने रूप लागते. त्याची नवी, मूत्रपिंडाला सौम्य असणारी लायपोसोमल रूपे मूत्राशयाच्या संसर्गाला उपयोगी नाहीत, कारण लघवीत ती पुरेशी पोचत नाहीत.

ॲम्फोटेरिसिनच्या कुळात एक मराठी मुलखाचे नाव आहे आणि ते विसरले गेले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने १९६० च्या सुमारास बुरशीवरचे एक औषध वेगळे केले. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाला नाव दिले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाला हमायसिन. पोटातून ते नीट शोषले जात नसे, म्हणून वरून लावायलाच मुख्यतः वापरले गेले, आणि पुढे मागे पडले. आजही प्रयोगशाळांच्या ग्रंथांत पिंपरी हे नाव एका जिवाणूच्या मागे उभे आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो धागा पुढे कातला गेला नाही याचे दुःखही.

फ्लुकोनॅझोलची एक गोष्ट मधुमेही माणसाला दुकानातून गोळी घेताना कुणी सांगत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड ही साखर उतरवणारी औषधे यकृतातल्या ज्या विकराने मोडली जातात, त्याच विकराला फ्लुकोनॅझोल अडवते. मग साखरेची रोजचीच गोळी अंगात जास्त वेळ राहते. रात्री घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धी. ग्लिमेपिराइड आपल्याकडे मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत लाखो लोक घेतात. वॉरफॅरिन घेणाऱ्यांत रक्त जास्त पातळ होते, तो आणखी वेगळा धोका. फ्लुकोनॅझोल लिहून देताना 'शुगरची कोणती गोळी चालू आहे' हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे, आणि दोन आठवडे घरच्या यंत्रावर साखर जास्त वेळा पाहायला सांगितले पाहिजे.

गेल्या दहा वर्षांत या प्रश्नात एक नवी भर पडली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रपिंडाला साखर परत ओढू देत नाहीत; ती मुद्दाम लघवीत सोडतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. कल्पना जुनी आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनने लघवीत साखर येते हे योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८० च्या दशकात दाखवले होते. या गोळ्यांनी हृदय आणि मूत्रपिंड वाचते हे मोठमोठ्या चाचण्यांनी सिद्ध झाले आहे, आणि ते काम लहान नाही. पण लघवीत रोज एवढी साखर सोडली तर बुरशीचे काय होईल, ही शंका पहिल्या दिवसापासून होती. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ सालच्या, सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीने तिचे दोन भागांत उत्तर दिले. जननेंद्रियाचे संसर्ग, जे बहुतांशी बुरशीचे असतात, औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के, न घेणाऱ्यांत १.८ टक्के. बायकांत तर १० टक्के विरुद्ध २.६ टक्के. मूत्रमार्गाचे संसर्ग मात्र १८ टक्के विरुद्ध १८.१ टक्के, म्हणजे फरकच नाही. साखर दाराशी बुरशी वाढवते. पण निरोगी, पूर्ण रिकाम्या होणाऱ्या मूत्राशयात ती तेवढ्याने वर चढत नाही. लघवीची धार आणि अस्तर यांचे संरक्षण किती मोठे आहे हे या दोन आकड्यांच्या जोडीइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. मूत्राशय बधिर असेल, प्रोस्टेट वाढलेले असेल, नळी असेल, तर हे संरक्षण गृहीत धरता येणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच गटातल्या औषधांबाबत २०१५ साली मूत्रपिंडाच्या गंभीर संसर्गाचा आणि २०१८ साली गुप्तांगाच्या भागातल्या वेगाने पसरणाऱ्या सडण्याचा इशारा दिला. दुसरा प्रकार दुर्मिळ आहे आणि मुख्यतः जिवाणूंचा, पण तिथली लाली, सूज आणि ताप यांना एक रात्रही थांबू देऊ नये.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. किमती झपाट्याने उतरल्या आणि या गोळ्या आता छोट्या गावांतही पोचल्या आहेत. पोचायलाच हव्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली मांडलेला अंदाज १० कोटींवर मधुमेहींचा आहे, आणि राज्यांत सर्वांत वरचे प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के. पण गोळीबरोबर दोन वाक्येही पोचली पाहिजेत: लघवीनंतर जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा, आणि खाज सुटली तर लाजू नका, सांगा. दुसरे वाक्य बोलायला सोपे, घडायला कठीण. बायका अंगावर पांढरे जाते हे महिनोन्‌महिने सहन करतात. पुरुषाची पुढची कातडी मागे सरकेनाशी होते, चिरा पडतात, आणि तो स्टेरॉइड मिसळलेले खाजेचे मलम दुकानातून आणून लावत राहतो. मलमाने खाज दबते, बुरशी वाढते. प्रौढ वयात असे पहिल्यांदा झालेल्या पुरुषात मधुमेहाचे निदानच कधी कधी या तक्रारीवरून होते.

आता त्या मोजक्या रुग्णांकडे, ज्यांच्यासाठी घाई लागते. बुरशी मूत्रपिंडापर्यंत दोन वाटांनी जाते. एक खालून वर. लघवी अडलेली असेल, मूतखडा असेल तर. दुसरी वरून खाली, रक्तातून. अतिदक्षता विभागात मानेच्या शिरेत नळी असलेल्या, तापाने फणफणलेल्या मधुमेही माणसाच्या लघवीत कँडिडा आली तर ती मूत्रमार्गाची गोष्ट नसून रक्तातल्या बुरशीची वर्दी असू शकते. तिथे रक्ताचे कल्चर आधी. खालून चढणाऱ्या प्रकारात भयंकर असतो तो बुरशीचा गोळा. यीस्टचे धागे, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव एकत्र गुंफून मूत्रपिंडाच्या पोकळीत बोळा बसतो आणि लघवीची वाट बंद होते. मधुमेहात मूत्रपिंडाची टोके झडण्याचाही विकार असतो. ते तुकडे अशा गोळ्याला आधार देतात. सोनोग्राफीत तो खड्यासारखा किंवा गाठीसारखा दिसतो. इथे गोळ्यांनी भागत नाही. पाठीतून नळी घालून दाब उतरवावा लागतो, तिथूनच औषधाने धुवावे लागते, गोळा दुर्बिणीने काढावा लागतो. हवेचे बुडबुडे तयार करणारा मूत्रपिंडाचा संसर्ग बहुतेक वेळा मधुमेह्यांनाच होतो. जंतू बहुधा ई. कोलाय असतो, क्वचित कँडिडा. सीटी स्कॅनशिवाय तो नीट कळत नाही.

आणि ती २०२१ ची काळी बुरशी? तिचे नाव म्युकर. ती नाका-डोळ्यांत शिरते तशी कधी फक्त मूत्रपिंडातही शिरते. भारतातून असे रुग्ण बरेच नोंदले गेले आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांतल्या अनेकांना मधुमेह नव्हता, प्रतिकारशक्तीचा दुसरा आजारही नव्हता. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, मूत्रपिंड आतून मरते. लघवीच्या कल्चरमध्ये ती बहुतेकदा मिळत नाही. म्हणून कुशीत तीव्र दुखणे आणि ताप, अँटिबायोटिक बदलूनही उतार नाही, लघवीचे कल्चर कोरडे, आणि सीटीत सुजलेले, रक्त न पोचलेले मूत्रपिंड, एवढे जमले की तिचे नाव मनात आले पाहिजे. ॲम्फोटेरिसिन आणि बहुधा ते मूत्रपिंड काढणे, हाच मार्ग उरतो. साध्या तपासणीच्या कागदावरच्या यीस्टचा या बुरशीशी काही संबंध नाही, हे त्या पहिल्या घाबरलेल्या घराला सांगायला हवे.

जपानमध्ये २००९ साली एका बाईच्या कानातून वेगळी केलेली कँडिडा ऑरिस आता भारतीय अतिदक्षता विभागांतल्या लघवीच्या नमुन्यांतही येते. बहुतेक वेळा ती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही आणि पलंगाच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली बुरशींची जी क्रमवारी केली, तीत ती सर्वांत गंभीर गटात आहे. ती लघवीत सापडलेल्या, पण लक्षणे नसलेल्या रुग्णालाही औषध लागेलच असे नाही. पण त्याला वेगळे ठेवणे आणि स्पर्श करणाऱ्याने हात धुणे लागतेच.

राहता राहिली नळी. अर्धांगवायूनंतर, मांडीचे हाड मोडल्यावर, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबल्यावर ती घातली जाते आणि कित्येकदा कारण संपले तरी राहून जाते, कारण ती काढणे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. मधुमेही माणसाची नळी काढताना एक अडचण खरी असते: बधिर मूत्राशय पुन्हा भरून तुंबते आणि घाबरून नळी परत घालतात. यावर १९७२ साली मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी मांडलेली पद्धत आजही उत्तम आहे. दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ धुतलेल्या हातांनी बारीक नळी स्वतः आत घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची. कायम आत राहणारी वस्तूच नसल्यामुळे बुरशीला थर धरायला जागा मिळत नाही. हात आणि नजर ठीक असतील तर माणूस हे एक-दोन बैठकांत शिकतो. बायका सुरुवातीला आरसा घेऊन शिकतात. शिकवायला एखादी धीर धरणारी सिस्टर आणि अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास घरी सोडण्याच्या कागदपत्रांआधी मागून घ्यावा, आणि उरलेली लघवी किती हे सोनोग्राफीत मोजून त्याच कागदावर लिहून घ्यावे.